साडेनऊ तासांची अमेरिका

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. ती वडिलांची थोरली बहीण. सोलापुरात कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी पाऊस नव्हता आणि वडील मला मेंढरांमागे न्यायचं ठरवून बसले होते. ही बातमी कुणाकडून तरी तिला कळली. ती सकाळच्या एसटीनं सांगोल्याकडच्या आमच्या गावी आली, अंगणात उभ्या उभ्या पाणी प्याली आणि भावाला म्हणाली, "तुझी मेंढरं तुला हाकायची तशी हाक. ह्ये एक माझ्यासंगं येतंय."

वडिलांना मी दादा म्हणायचो. दादा उठून मेंढरांकडे गेले. मी पिशवीत दोन सदरे घातले आणि दुपारच्या गाडीनं तिच्याबरोबर निघालो. पुढची सहा वर्षं तिच्या खानावळीच्या माळ्यावर राहून मी बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. एम.एस्सी.नंतर वर्षभर मी शहरातल्या एका हायस्कुलात शिकवलं. कॉलेजातल्या सरांनी माझ्याकडून अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करवून घेतले होते. त्यातल्या एकाचं बोलावणं शिष्यवृत्तीसह आलं. हे सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचं.

बोलावणं आल्यापासून माझं चित्त कशात लागेना. सकाळी उठून गिरणीच्या भिंतीकडेनं चालत स्टेशनपर्यंत जायचो, पुलावर उभं राहून एखादी गाडी होटगीकडे गेलेली बघायचो आणि तसाच परत यायचो. पुस्तक उघडलं की तेच पान परत परत. पासपोर्ट पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेला असायचा आणि तो तिथं आहे की नाही हे बघायला मी दिवसातून दोनदा ट्रंक उपसायचो. आत्या खालून ओरडायची, "आरं, त्येला पाय फुटल्यात का? ऱ्हाऊ दे की जागेवर!"

खरं तर तिचीही घालमेल चालली होती, पण तिची काळजी वेगळी होती. तिला तास हवे होते.

आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही. माणसाचं पाऊल अजून वाटेवर असतं, मागे झाडून ते पुसायचं नाही. मेंढरं घेऊन पुरुषमाणसं निघाली की बायका पहिला मुक्काम पडेपर्यंत केरसुणी दाराआड उभी करून ठेवतात. बहुतेक घरांत ही रीत तास-दोन तासांची असते. आत्या मात्र मिनिटाचीही सवलत घ्यायची नाही. मी गावी निघालो की एसटी किती वाजता पोचते हे विचारून घ्यायची आणि तेवढा वेळ झाडूला हात लावायची नाही.

याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं होतं. आत्याचा नवरा होटगीला रेल्वेत गँगमन होता. एका सकाळी तो कामावर निघाला आणि त्याच दिवशी घरी पाहुणे यायचे होते, म्हणून तिनं त्याची पाठ फिरताच अंगण झाडून घेतलं. दुपारी रुळावरून त्याची बातमी आली. तेव्हा ती माझ्यापेक्षाही लहान होती. सांगताना ती कांदा चिरत होती आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "झाडलं मीच." पुन्हा हा विषय निघाला नाही.

हे झालं एक. दुसरा नियम तिच्या धंद्याचा होता. न झाडलेल्या जमिनीवर ती कुणाला जेवायला बसवत नसे. म्हणजे मी वाटेवर असताना पंगत बसणार नाही. तारेची वाट बघावी तर तार यायला एक-दोन दिवस, आणि तेवढे दिवस चूल थंड ठेवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे बसतं. म्हणून तिला नेमके तास पाहिजे होते. मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा, तिथं एका दिवसाचा मुक्काम होता. प्रश्न फक्त विमानाचा होता.

मुंबईच्या तिकीटवाल्याकडून टपालानं एक टंकलिखित कागद आला. मुंबईहून सुटणार सकाळी सहा. मध्ये रोम, सकाळी अकरा. न्यूयॉर्कला पोचणार दुपारी साडेतीन. तारीख तीच. खाली अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, ती मी वाचली नाही. वर लाल शाईनं छापलेलं विमानाचं चित्र मात्र निरखून बघितलं.

सकाळची पंगत बसली होती. मी कागद घेऊन खाली आलो आणि जाहीर केलं, "साडेनऊ तास."

पंगतीत पहिल्या पाटावर गिरणीतले टाइमकीपर बसायचे. अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, एकटे राहणारे गृहस्थ. आत्याला आलेली पत्रं तेच वाचून दाखवत, कारण तिला अक्षर येत नव्हतं आणि माझ्याकडून वाचून घेतलेल्या पत्रावर तिचा पूर्ण विश्वास बसत नसे, मी वाईट बातमी गाळतो असा तिचा संशय होता. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला भाचेबुवा.

"आणा तो कागद इकडं," काका म्हणाले. "बावीस वर्षं मी दुसरं केलंय काय? माणूस आत कधी आला, बाहेर कधी गेला. वजा करायचं, संपलं." त्यांनी डावा हात धोतराला पुसून चष्मा लावला. "सहाला आत. साडेतीनला बाहेर. साडेनऊ, बरोबर. जेवणाची सुट्टी कापली तर नऊच भरतात."

पंगत हसली.

"म्हंजी भोंग्याला की," आत्या तव्यावरून मान वळवून म्हणाली. गिरणीच्या दुसऱ्या पाळीचा भोंगा बरोबर साडेतीनला व्हायचा. आत्याचा सगळा दिवस भोंग्यांवर चालायचा, भिंतीवरचं घड्याळ ती शोभेला ठेवी.

"हो. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की मी पोचलो म्हणून समज आणि झाड."

"एक पंगत बुडंल तर मग. सकाळची."

"एक बुडू दे आत्याबाई," काका म्हणाले, "दोन बुडवू नका. भज्यावर दोनदा जगायचं वय राहिलं नाही आमचं."

आत्या भाकरी थापत राहिली. थापता थापता तिचा हात थांबला. "मुंबईला जायाला आगीनगाडीला किती लागत्यात रं?"

"दहा-अकरा तास."

"आन् अमेरिकेला साडेनऊ?"

"विमान आहे आत्या."

"विमान हाय त्ये कळतंय की मला. पर अमेरिका मुंबईच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

पंगत पुन्हा हसली आणि या वेळी ते हसणं मला लागलं. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "कागदावर छापलंय. काकांनी तपासलंय. आता काय विमानवाल्यांना शिकवणार आहेस?"

"छापलंय व्हय? मग न्हाय बोलत," ती म्हणाली. "तू शिकलेला. तू म्हनशील तसं."

आज लिहिताना मला सर्वांत जास्त लाज याच वाक्याची वाटते. कारण त्याच वर्षी, भूगोलाचे शिक्षक रजेवर होते म्हणून, मी आठवीच्या वर्गाला रेखावृत्तं शिकवली होती. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दादांनी कातलेल्या लोकरीचा दोरा धरून मुंबईहून रोम, रोमहून न्यूयॉर्क असं अंतर मोजून दाखवलं होतं. साधारण तेरा हजार किलोमीटर आलं, ते फळ्यावर लिहिलं. एका रेखांशाला चार मिनिटं, पूर्वेला सूर्य आधी, पश्चिमेला नंतर, हे मुलांकडून घोकून घेतलं होतं. ज्यांना आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं होतं. पण शाळेतला गोल वेगळा आणि एसटीचं वेळापत्रक वेगळं. आमच्या आयुष्यात सुटण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ नेहमी एकाच घड्याळातली असायची. निदान तेरा हजाराला साडेनऊनं भागलं असतं तरी कळलं असतं की इतक्या वेगानं उडणारं विमान माझ्या तिकिटावरचं नव्हे. तेवढा भागाकारही मी केला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दादा आले. मेंढरं दुसऱ्याच्या स्वाधीन करून आले होते, त्यामुळे तेही अस्वस्थ. घोंगडी खांद्यावरून न काढताच जिन्याच्या पायरीवर बसले.

"किती मुक्काम?" त्यांनी विचारलं. अंतर ते मुक्कामांतच मोजायचे.

"एकच. रोम."

"तितं पानी हाय का?"

"असेल की दादा."

"असंल म्हनून निगू नगं. इचारून घ्यावं मानसानं."

"मेंढरं नेतोय का त्यो?" आत्या आतून म्हणाली.

"मेंढरू काय, मानूस काय, तहान येकच की."

संध्याकाळच्या गाडीला दोघं स्टेशनवर आली. आत्यानं शेंगाच्या चटणीचा डबा आणि कडक भाकरीची चवड बांधून दिली होती. गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी दोन पावलं चालली आणि म्हणाली, "परवा सकाळी सहापासनं भोंग्यापातुर. ध्येनात हाय माझ्या." एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी निराळं बोलेल.

मुंबईहून विमान वेळेवर सुटलं. मनगटी घड्याळ मी सोलापूरच्या वेळेवरच ठेवलं होतं, दुसरी कुठली वेळ असते हे डोक्यातच नव्हतं. सहा वाजले तेव्हा मनात आलं, आत्यानं आता झाडू दाराआड ठेवला असेल. दहाला मनात आलं, टाइमकीपर काका आता भज्यांच्या गाडीवर उभे असतील. मला हसू आलं आणि चटणीचा डबा उघडला. शेजारच्या सूटवाल्या प्रवाशानं खिडकीकडे सरकून घेतलं.

अडीचच्या सुमारास विमान खाली उतरू लागलं. निवेदन झालं, रोम आलं, स्थानिक वेळ सकाळचे अकरा.

मी घड्याळ बघितलं. अडीच. कागद काढला. त्यावर रोमपुढे अकराच लिहिलं होतं. तो आकडा मी इतके दिवस बघत आलो होतो. मुंबईहून सहाला निघून अकराला रोम, म्हणजे पाच तास, असं धरून बसलो होतो. पण मी तर साडेआठ तास बसलो होतो या खुर्चीत. आणि तासाभरानं मी न्यूयॉर्कला असायला हवा होतो, समुद्र तर अजून पुढेच होता. मग मी खालची बारीक ओळ वाचली. सर्व वेळा स्थानिक.

उलटीसाठी दिलेल्या कागदी पिशवीवर मी पेन्सिलीनं गणित मांडलं. एका रेखांशाला चार मिनिटं. माझ्याच वर्गातलं गणित, बाकावर उभं करायचं गणित. उत्तर आलं वीस तास. (उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे सारतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून एक तास जास्त आला. खरे एकोणीस. मी सांगितले त्याच्या बरोबर दुप्पट.)

रोमला आम्हाला दीड तासासाठी खाली उतरवलं. मोठं दालन, चकचकीत फरशी, ओळीनं खुर्च्या. मला बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत मी किती वेळा गेलो ते सांगता येणार नाही. तार करायची कुठे, कशी, आणि तार पोचेपर्यंत भोंगा होऊनही दिवस उलटलेला असणार. तीन वाजले. सव्वातीन वाजले. माझा या रिवाजावर विश्वास नव्हता. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. पण तिचा होता, आणि माझ्यासमोर प्रश्न विमानाचा नव्हताच. इथून पुढे समुद्रावर या विमानाला काही झालं, तर ती म्हणणार होती, झाडलं मीच. होटगीबद्दल एकदा म्हणाली होती ते पुन्हा. आणि या खेपेला तिच्या हातात झाडू मी दिलेला असणार, छापील कागदाचा धाक घालून. तिची शंका रास्त होती, ती माझ्या शिक्षणापुढे गप्प बसली होती.

साडेतीन वाजले. भिंतीवरच्या घड्याळात बारा. मी उभा होतो तिथेच थांबलो. गिरणीचा भोंगा, पहिली पाळी सुटल्याची गर्दी, फाटकाशी सायकलींच्या घंटा, हे सगळं मला इतकं स्पष्ट माहीत होतं की ऐकायची गरज नव्हती. आत्या उठली असणार. दाराआडची केरसुणी घेतली असणार. आधी चुलीकडचा कोपरा, मग पाट उचलून भिंतीकडची बाजू. ती नेहमी त्याच क्रमानं झाडायची.

कोपऱ्यात एक नळ दिसला, तिथं ओंजळीनं पाणी प्यालो. दादांना सांगायला हवं, पाणी आहे.

पुढचे नऊ तास मी खुर्चीचे हात घट्ट धरून काढले. विमान जरा हललं की घड्याळ बघायचो. ढगातून खडखड होऊ लागली तेव्हा शेजारचा सूटवाला म्हणाला, पहिल्यांदा का? मी हो म्हणालो. भीती वाटते का? मी म्हणालो, मला नाही. त्याला ते उत्तर विचित्र वाटलं असावं.

न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझ्या घड्याळात रात्रीचा एक. विद्यापीठाकडून मला न्यायला आलेल्या विद्यार्थ्याला मी पहिली विनंती केली ती तार करण्याची. तारेत एकच शब्द, पोचलो.

मग पत्र लिहायला बसलो आणि चार दिवस ते लिहून होईना. पत्र काका वाचणार, तेही भर पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गिरणीतली चाळीस माणसं आत्याच्या भाच्याला शिकलेला म्हणून ओळखत होती. त्यांचे रजेचे अर्ज मी लिहून दिले होते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "ठरल्याप्रमाणे भोंगा झाला तेव्हा माझे पाय जमिनीवर होते." हे खोटं नव्हतं. रोमच्या फरशीवर होतेच. दादांच्या रीतीप्रमाणे मुक्काम तो मुक्काम. आत्याला बरं वाटलं असतं, काकांची वजाबाकी शाबूत राहिली असती, माझीही.

तो कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. त्याच्याजवळून जाताना मी दुसरीकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी मला उमगलं की या वाक्यानं मी तिच्यापासून काय हिरावून घेतो आहे. ते फाडलं आणि दुसरं लिहिलं. ते असं.

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तार मिळाली असेल. काका, हे पत्र मोठ्यानं वाचा आणि काही गाळू नका.

आत्या, माझं गणित चुकलं. विमानाला साडेनऊ नव्हे, एकोणीस तास लागले. इथलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेनऊ तास मागे चालतं. आपल्याकडे सहाला निघून मी इथल्या साडेतीनला पोचलो, तेव्हा सोलापुरात रात्रीचा एक वाजला होता. काकांनी वजाबाकी बरोबर केली. दोन वेगळ्या गिरण्यांची घड्याळं आहेत हे त्यांना मी सांगायला हवं होतं, कारण ते शिकवायचा पगार मी घेत होतो. मुंबईला अकरा तास तर अमेरिकेला साडेनऊ कसे, हे तू विचारलंस. अख्ख्या खोलीत तेवढं एकच डोकं चाललं होतं. मी तुला गप्प केलं. त्याबद्दल सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो.

दादांना सांग, रोमला पाणी आहे. नळाचं, गोड.

काका, आता पुढचं पंगत उठल्यावर तिला एकटीला वाचून दाखवा, हळू.

आत्या, मी सांगितलं म्हणून तू भोंग्याला झाडलंस. तेव्हा मी रोमला होतो आणि सगळा समुद्र माझ्यापुढे होता. तू झाडून घेतल्यावर मी साडेनऊ तास वाटेवरच होतो. विमान हललं, ढगांतून खडखडलं, आणि नीट उतरलं. माझ्या नखालाही काही झालं नाही. पहिल्यांदा मी हे तुला कळवणारच नव्हतो. मग वाटलं, हे कळण्याचा हक्क तुझा आहे. झाडूनं माझं काही केलं नाही. होटगीच्या त्या सकाळीही त्यानं काही केलं नसेल, असं मला वाटतं. मला त्या दिवसाचं काही माहीत नाही, मी जन्मलोही नव्हतो. पण एवढं आता मला स्वतःच्या अनुभवानं माहीत आहे.

इथं जोंधळ्याचं पीठ कुठं दिसत नाही. भाकरी संपली, चटणी अर्धा डबा आहे, पुरवून खातो.

परत यायची वेळ येईल तेव्हा तास मी मोजून कळवीन. पण तू आणि दादांनी तपासल्याशिवाय ते धरू नका.

तुझा."